पेनकिलर, म्हातारपण आणि मेंदू : एका फसलेल्या चाचणीचा पाठपुरावा

सांधेदुखीवरची साधी गोळी अल्झायमर टाळू शकेल का, हे तपासायला अमेरिकेत २००१ साली एक मोठी चाचणी सुरू झाली. तिचं नाव ॲडाप्ट. बाल्टिमोर, बॉस्टन, रॉचेस्टर, सिॲटल, सन सिटी आणि टॅम्पा अशा सहा ठिकाणी मिळून अडीच हजारांवर माणसं तिच्यात आली. वय सत्तर किंवा जास्त, स्वतःची स्मरणशक्ती शाबूत, आणि आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला तरी स्मृतिभ्रंश झालेला, अशी अट होती. म्हणजे हा आजार घरात पाहिलेली माणसं. एका गटाला नॅप्रोक्सेन २२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दुसऱ्याला सेलेकॉक्सिब २०० मिलिग्रॅम दोनदा, तिसऱ्याला औषध नसलेली हुबेहूब तशीच गोळी. कोणाच्या पदरात काय पडलंय हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. बेत बऱ्याच वर्षांचा होता, पण १७ डिसेंबर २००४ रोजी सगळ्यांच्या गोळ्या बंद केल्या गेल्या.

बंद करण्याचं कारण मेंदूशी नाही, हृदयाशी जोडलेलं होतं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला व्हायॉक्स हे सेलेकॉक्सिबच्याच वर्गातलं औषध हृदयविकाराच्या झटक्यांमुळे बाजारातून मागे घेतलं गेलं होतं. डिसेंबरात आतड्यातल्या गाठींवरच्या एका वेगळ्या चाचणीत सेलेकॉक्सिबचीही तीच कथा दिसली, आणि ॲडाप्टवाल्यांनी धोका पत्करला नाही. तोवर जमलेली आकडेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. अल्झायमरपासून संरक्षण दिसलं नाही. उलट गोळी घेणाऱ्या दोन्ही गटांत निदानं थोडी जास्तच होती, अर्थात एकूण रुग्ण इतके कमी की त्यावरून ठाम काही म्हणणं कठीण. पुढे काही वर्षं त्याच माणसांवर लक्ष ठेवलं गेलं, तरी पदरी फायदा पडला नाही.

मेंदूतल्या दाहाच्या, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी खवळून होणाऱ्या सुजेच्या, संशोधनात हे प्रकरण एक मोठा धक्का मानलं जातं. पण धक्क्यानंतर जे घडलं ते मला जास्त शिकवणारं वाटतं, म्हणून ते सविस्तर मांडतो. आधी, मुळात पेनकिलरचं नाव अल्झायमरशी जोडलंच कोणी?

कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीर हे नवरा-बायको मेंदूवर संशोधन करत. (पॅट्रिक मॅकगीर हा एक अफाट माणूस. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या बास्केटबॉल संघातून खेळलेला, नंतर प्रांताच्या सरकारात मंत्री, आणि हे सगळं सांभाळून प्रयोगशाळा.) ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांना मृत रुग्णांच्या मेंदूत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली. अल्झायमर किंवा पार्किन्सन झालेल्या मेंदूत, नेमक्या बिघडलेल्या भागाभोवती, मायक्रोग्लिया नावाच्या पेशी खवळलेल्या अवस्थेत गर्दी करून होत्या. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूत कायम मुक्कामाला असलेल्या रोगप्रतिकारक पेशी. त्या कचरा गिळतात, जंतूंशी लढतात, नको असलेले चेतापेशींचे जोड काढून टाकतात. त्या काळी बहुतेकांचं मत असं, की हा गोंधळ आजाराचा परिणाम आहे. मेलेल्या पेशी उचलायला त्या येणारच. मॅकगीर यांना शंका होती की दाह स्वतःच नुकसान वाढवतोय.

मग त्यांनी उलटा प्रश्न विचारला. आमवाताचे रुग्ण वर्षानुवर्षं दाहशामक गोळ्या, म्हणजे याच पेनकिलर, घेतात. त्यांच्यात अल्झायमर किती? १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं छोटंसं टिपण आलं: अपेक्षेपेक्षा खूपच कमी. १९९४ मध्ये जॉन ब्राइटनर यांनी वृद्ध जुळ्यांच्या पन्नास जोड्या तपासल्या, त्यांचाही कल तिकडेच. आणि २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा अभ्यास आला, तेव्हा तर वाटलं की आता फक्त शिक्का मारायचा बाकी आहे.

तो अभ्यास कच्चा नव्हता. शहराच्या ओमोर्ड या उपनगरातली ५५ वर्षांवरची ६,९८९ माणसं, सरासरी ६.८ वर्षं पाठपुरावा. कोणी किती गोळ्या घेतल्या हे त्यांच्या आठवणीवर सोडलं नव्हतं. औषधाच्या दुकानांतल्या संगणकीय नोंदींवरून काढलं होतं. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात ही बाब किती मोलाची, ते वेगळं सांगायला नको. त्या काळात २९३ जणांना अल्झायमर झाला. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ दाहशामक घेतलेल्यांमध्ये जोखीम न घेणाऱ्यांच्या एक पंचमांश. महिनाभर घेऊन सोडणाऱ्यांना मात्र जवळजवळ काहीच फायदा नाही. जितका काळ जास्त तितका फायदा जास्त, असा सरळ चढता क्रम. औषध खरोखर काम करत असेल तर चित्र असंच दिसायला हवं.

आणि तरीही ॲडाप्टमध्ये ते दिसलं नाही. आधीच आजारी असलेल्यांवरच्या चाचण्याही कोरड्या गेल्या. २००३ मध्ये ३५१ रुग्णांना वर्षभर रोफेकॉक्सिब (तेच व्हायॉक्स), नॅप्रोक्सेन किंवा रिकामी गोळी देऊन पाहिली. घसरण कोणाचीच मंदावली नाही. विसरभोळेपणाची जेमतेम सुरुवात झालेल्या १,४५७ जणांवरची रोफेकॉक्सिबची चाचणी २००५ मध्ये छापून आली, ती तर उलटी फिरली: औषध घेणाऱ्यांपैकी दर वर्षी ६.४ टक्के अल्झायमरच्या निदानापर्यंत पोचले, रिकामी गोळी घेणाऱ्यांपैकी ४.५ टक्के.

इतकं निरीक्षण एका बाजूला आणि इतक्या चाचण्या दुसऱ्या बाजूला, हे कसं होतं? पहिलं उत्तर कोणीही साथरोगतज्ज्ञ देईल. दोन-दोन वर्षं पेनकिलर घेऊ शकणारा माणूस मुळात कोण? ज्याचं पोट ते सोसतं, ज्याचं मूत्रपिंड धड आहे, आणि ज्याला आपलं दुखणं डॉक्टरला नीट सांगता येतं. अल्झायमर निदानाच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत घर करतो. त्या काळात माणूस तक्रारी कमी करतो, गोळ्या आणायचं विसरतो. म्हणजे गोळीमुळे आजार टळला असं नसून येऊ घातलेल्या आजारामुळे गोळी सुटली, असंही असू शकतं. रॉटरडॅमच्या नोंदी कितीही चोख असल्या तरी त्या हा उलटा क्रम पूर्णपणे वगळू शकत नाहीत.

दुसरं उत्तर वेळेचं: सत्तरीत गोळी सुरू करणं म्हणजे फार उशीर. ब्राइटनर यांनी ते मनावर घेतलं आणि पुढे माँट्रियलमध्ये तुलनेनं तरुण, पण घरात आजार असलेल्या सुमारे दोनशे जणांना दोन वर्षं नॅप्रोक्सेन किंवा रिकामी गोळी दिली. २०१९ मध्ये निकाल आला. फायदा नाही. स्वतःच्या आवडत्या कल्पनेची इतक्या प्रामाणिकपणे परीक्षा घेणारे संशोधक विरळा.

तिसरं उत्तर एका प्रयोगशाळेतून हळूहळू, जवळपास तीस वर्षांत आलं. त्यासाठी ही गोळी शरीरात नेमकं काय करते ते पाहावं लागेल.

अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या सगळ्या गोळ्या कॉक्स नावाच्या विकराला अडवतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलचे ते एक मानकरी झाले. कॉक्स काय करतं? पेशीच्या आवरणातल्या एका मेदाम्लापासून प्रोस्टाग्लँडिन कुळातली रसायनं बनवायला घेतं. त्यातलं ई-२ ताप, वेदना आणि सूज आणतं. पण त्याच कुळातलं प्रोस्टासायक्लिन रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतं आणि गुठळ्या रोखतं. कॉक्सचा कॉक्स-२ हा प्रकार अडवला की वेदना थांबते, त्याबरोबर हे संरक्षणही जातं. व्हायॉक्सचं घोडं इथेच पेंड खात होतं. आणि एकट्या ई-२ चंही एक काम नाही. त्याला ओळखणारे ग्राही चार प्रकारचे, ईपी-१ ते ईपी-४, आणि कोणत्या पेशीवर कोणता ग्राही आहे त्यावर परिणाम ठरतो, कधी अगदी परस्परविरोधी. पेनकिलर हा भेद करूच शकत नाही. ती सगळ्यांच्या वरच्या टप्प्यावर बसलेल्या विकराला दाबते.

कॅट्रिन अँड्रियासन या चेतासंस्थेच्या डॉक्टर आणि संशोधक. आज त्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आहेत. त्यांचा आणि कॉक्सचा संबंध जुना. १९९३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून पॉल वर्ली यांच्या गटाचा एक शोधनिबंध आला, त्यात अँड्रियासन दुसऱ्या क्रमांकाच्या लेखिका होत्या. कॉक्स-२ फक्त सूज आलेल्या सांध्यात नसतं, निरोगी मेंदूच्या चेतापेशींतही असतं आणि त्या पेशी कामात असल्या की वाढतं, असं त्यात दाखवलं होतं. याच निबंधात पुढच्या अडचणीचं बीज होतं: जे विकर मेंदूच्या रोजच्या कारभारात भाग घेतं, ते सरसकट बंद करून नुसतं भलंच कसं होईल?

२००१ मध्ये त्यांच्या गटानं चेतापेशींत कॉक्स-२ जादा बनवणारे उंदीर तपासले. तरुणपणी ते ठीक होते. वय वाढलं तशी त्यांची स्मृती ढासळली आणि पेशी मरू लागल्या. मग त्या कॉक्स सोडून खालच्या टप्प्यावर, ग्राहींकडे वळल्या, आणि तिथे चित्र गुंतागुंतीचं निघालं. २००४ मध्ये त्यांनीच दाखवलं की मेंदूचा रक्तपुरवठा तुटला असताना ईपी-२ हा ग्राही चेतापेशींना वाचवतो. पुढच्याच वर्षी, अल्झायमरसारखा आजार घातलेल्या उंदरांमधून तोच ईपी-२ काढून टाकला, तर अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं अमायलॉइड हे प्रथिन कमी झालं. एकच ग्राही पक्षाघातात तारक, अल्झायमरमध्ये मारक! कोणाला हा विरोधाभास वाटून वैताग आला असता. त्यांनी त्यातून प्रश्न काढला: कोणत्या पेशीवरचा ईपी-२? उत्तर येत गेलं की अपाय करणारा ईपी-२ मायक्रोग्लियावर आणि रक्तातून फिरणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांवर, म्हणजे मॅक्रोफेजवर, बसलेला आहे. तो चेतला की या पेशी कचरा उचलायचं सोडून नुसती आग ओकत राहतात.

पण का? ‘नेचर’मध्ये २०२१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या निबंधानं या ‘का’ला हात घातला. पहिले लेखक पारस मिन्हास. त्यांनी पस्तिशीच्या आतल्या आणि पासष्टीच्या पुढच्या माणसांच्या रक्तापासून मॅक्रोफेज तयार केले. म्हाताऱ्या पेशींत ई-२ जास्त बनत होतं, ईपी-२ ग्राहीही जास्त होते. ई-२ ईपी-२ वर बसलं की पेशीच्या आत संदेशांची एक साखळी हलते आणि शेवटी ग्लायकोजेन बनवणारं विकर जोरात कामाला लागतं. परिणाम असा की पेशीत आलेली साखर जाळण्याऐवजी साठवली जाते. कणगी काठोकाठ भरलेली आणि घरात चूल पेटत नाही, अशी त्या पेशीची गत. तरुण पेशी अशा वेळी दुसऱ्या इंधनावर भागवते. म्हाताऱ्या पेशीला ते जमत नाही, ती साखरेवरच अडून बसते. पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांचं काम मंदावतं, आणि ऊर्जेला मुकलेली पेशी दाहाची रसायनं सोडत राहते.

मला या निबंधाचं मर्म इथे वाटतं. तोवर दाहाकडे पाहण्याची रीत अशी होती की पेशी जास्त तापट झाली आहे, तिला शांत करा. इथे दिसतं की ती उपाशी आहे आणि तिचा तापटपणा उपासमारीतून आलेला आहे. या दोन निदानांची औषधं वेगळी असणार.

मग त्यांनी वीस महिन्यांच्या पुढचे, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठी-सत्तरीचे उंदीर घेतले. काहींमध्ये फक्त या रोगप्रतिकारक पेशींतला ईपी-२ जनुकीय मार्गानं काढला होता, इतरांना ईपी-२ अडवणाऱ्या दोन औषधांपैकी एक दिलं. उंदराची जागेची आठवण मोजायची एक प्रसिद्ध तऱ्हा म्हणजे बार्न्सचा चक्रव्यूह. गोल, उघडं, झगझगीत उजेडातलं टेबल. कडेनं एकसारखी भोकं. त्यातल्या एकाच भोकाखाली अंधारी पेटी, बाकीची फसवी. उंदराला उजेड आणि उघडी जागा दोन्ही नकोशी, त्यामुळे त्याला ती पेटी हवी असते. भिंतींवरच्या खुणा पाहून तो तिची जागा लक्षात ठेवतो. तरुण उंदीर काही दिवसांत थेट तिकडे जातो. म्हातारा एकेक भोक हुंगत फिरतो. (हा चक्रव्यूह बनवणाऱ्या कॅरल बार्न्स यांचंही नाव १९९३ च्या त्या निबंधावर आहे. या क्षेत्रात माणसं अशीच पुन्हा पुन्हा भेटतात.) ईपी-२ अडवलेल्या म्हाताऱ्या उंदरांची जागेची आठवण तरुणांच्या बरोबरीला आली. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या आठवणी घडवणाऱ्या भागात चेतापेशींचे जोड बळकट होण्याची क्षमताही परतली.

आणखी एक गोष्ट कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. वापरलेल्या दोन औषधांपैकी एक मेंदूत शिरतच नाही. तरीही परिणाम झाला. म्हणजे मेंदूबाहेरच्या, रक्तातल्या पेशींचा भुकेचा प्रश्न सोडवला तर मेंदूतला दाह उतरतो. म्हातारं रक्त मेंदूला जाचतं, हे स्टॅनफर्डमध्येच टोनी विस-कोरे यांच्या गटानं २०११ मध्ये तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडून दाखवलं होतं. त्या सूत्रात हे नीट बसतं.

आता हात आखडता घेण्याची कारणं. हे उंदीर म्हातारे होते, अल्झायमरचे नव्हते. वयानुसार येणारा विसर आणि अल्झायमर यांत फार अंतर आहे. माणसाच्या पेशी तपासल्या त्या काचेच्या बशीत. अल्झायमरवर उंदरांत चाललेली आणि माणसांत आपटलेली औषधं इतकी आहेत की कोणत्याही नव्या निकालाकडे साशंक नजरेनंच पाहायला हवं. आणि ईपी-२ पक्षाघातात संरक्षण देतो हे याच प्रयोगशाळेनं सांगितलेलं. पक्षाघाताची जोखीम असलेल्या सत्तरीतल्या माणसाला तो अडवणारी गोळी वर्षानुवर्षं द्यायची, तर ती मेंदूत न शिरणारी असणं फायद्याचंच ठरेल. शिवाय हा ग्राही स्त्रीबीज बाहेर पडण्यापासून श्वासनलिका सैल होण्यापर्यंत अनेक कामांत असतो.

रोगप्रतिकारक पेशींवरचा संशय मात्र आता फक्त एका प्रयोगशाळेचा राहिलेला नाही. मायक्रोग्लियावरच्या ट्रेम-२ या ग्राहीच्या जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरची जोखीम बरीच वाढवतो, हे २०१३ च्या सुमारास दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं. जनुकातला बदल जन्मापासून असतो, तो आजाराचा परिणाम असू शकत नाही. मॅकगीर यांच्या वेळचा ‘आधी काय, नंतर काय’ हा वाद त्यानं बराचसा मिटवला.

हे सगळं आपल्याकडे कुठे येऊन टेकतं? लासी-डॅड या देशव्यापी पाहणीच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. आणि पेनकिलरची पट्टी तर गावोगावच्या मेडिकलमध्ये सहज हाती पडते. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक महिनोन्महिने घेणारे आजी-आजोबा प्रत्येक नात्यात सापडतील. ‘दाह कमी करा, स्मृती वाचवा’ असा निरोप मोबाइलवर फिरला की तीच गोळी मेंदूसाठीही चांगली वाटू लागते. वरच्या चाचण्या हेच सांगतात की ती तशी नाही. जठरातला रक्तस्राव, मूत्रपिंडाचं नुकसान आणि हृदयाचा धोका मात्र खरे आहेत.

अँड्रियासन यांचा गट भुकेच्या या धाग्यावरून पुढे गेला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी आयडो-१ या विकराबद्दल लिहिलं. ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचं कायन्युरेनिन बनवतं. अमायलॉइड साठलं की मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट या चेतापेशींना सांभाळणाऱ्या पेशींत त्याचं काम वाढतं, त्या पेशी साखर कमी जाळतात आणि शेजारच्या चेतापेशींना जे लॅक्टेट हे इंधन पुरवायचं ते पुरवत नाहीत. आयडो-१ अडवल्यावर अमायलॉइडच्या आणि टाऊ या अल्झायमरमधल्या दुसऱ्या प्रथिनाच्या, दोन्ही प्रकारच्या उंदरांत हिप्पोकॅम्पसचा साखरेचा वापर सुधारला आणि स्मृतीही सुधारली. दोन वेगळ्या प्रथिनांच्या आजारांत एकच इलाज चालणं, हे अमायलॉइडवरच भिस्त ठेवणाऱ्यांना विचारात पाडणारं आहे.

आयडो-१ अडवणारी औषधं नव्यानं शोधायची गरज नाही. कर्करोगासाठी ती आधीच तयार झाली होती. त्यातल्या एकावरची मेलॅनोमाची (त्वचेच्या कर्करोगाची) मोठी चाचणी २०१८ मध्ये फसली, आणि हा वर्ग कर्करोगाच्या डॉक्टरांच्या मनातून जवळपास उतरला. ती औषधं माणसांच्या शरीरात कशी वागतात याची माहिती त्यामुळे बरीच हाताशी आहे. त्यातली कोणती मेंदूत पुरेशी शिरतात आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाला ती वर्षभर सोसतात का, हे आता माणसांवरच्या चाचण्यांत पाहावं लागेल. आणि या वेळी गोळी मोजतानाच, ती घेणाऱ्याच्या मेंदूत साखरेचा वापर खरोखर बदलला का हेही पेट स्कॅनवर मोजता येईल. ॲडाप्टमध्ये साखरेच्या वापराची अशी मधली खूण मोजली गेली नव्हती.